खुर्चीला शिकवताना

१

आमच्या विभागात खुर्चीला शिकवतात. हसा खुशाल, मीही हसले होते.

पीएच.डी.ला प्रवेश मिळाला की लगेच संशोधन सुरू होतं, असं घरच्यांना वाटतं. कसलं काय! आधी सर्वंकष परीक्षा द्यावी लागते. वनस्पतिशास्त्रात आजवर कुणी जे काही शोधलंय ते सगळं तोंडपाठ पाहिजे. समोर चार प्राध्यापक बसतात, वाटेल ते विचारतात, आणि आपण कागदाचा कपटासुद्धा न बघता उत्तरं द्यायची. संधी दोनच. दुसऱ्यांदा आपटलात की खोली रिकामी करा आणि घरी जा. इतकी वर्षं काय केलंत हे कुणी विचारत नाही, कारण ते कुणाला ऐकायचंच नसतं.

या परीक्षेसाठी विभागात एक जुनी रीत आहे. तिसऱ्या मजल्यावर, वाळवलेल्या झाडांच्या कपाटांमागे एक अरुंद खोली आहे. तिला 'तयारीची खोली' म्हणतात. आत एक फळा, एक टेबल आणि लाकडी हातांची एक खुर्ची. खुर्चीवर तपकिरी रेक्झिनची गादी आहे, एका कोपऱ्यात उसवलेली. ज्याची परीक्षा जवळ आलीय त्याने फळ्यापाशी उभं राहायचं आणि त्या रिकाम्या खुर्चीला एकेक विषय पहिल्यापासून शिकवायचा. मोठ्याने, जसा वर्गात शिकवतात तसा. खुर्चीवर आधी बसायचं नाही. परीक्षेच्या दिवशी ती स्वतः उचलून खाली हॉलमध्ये न्यायची आणि तिच्यावरच बसून परीक्षा द्यायची.

पहिल्या वेळी मी हा पोरखेळ केला नाही. वाचलं, लिहून काढलं, आरशासमोर बोलले, आणि हॉलमधल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून सपशेल नापास झाले. माझे मार्गदर्शक चौघांत होते. जाड काचांच्या चष्म्यामुळे आम्ही त्यांना 'भिंग' म्हणायचो. सगळ्या परीक्षेत त्यांनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही, खाली माझ्या खुर्चीकडे तेवढं पाहत राहिले.

आईला फोन केला तेव्हा मागे तिचं शिवणाचं मशीन खडखडत होतं. "होईल रे पुढच्या वेळी," ती म्हणाली. मला ती लाडाने मुलासारखंच बोलायची. बाप निघून गेल्यावर त्या मशीनवर तिने मला वाढवलं, शिकवलं, लोकांचे टोमणे ऐकून घेतले. मी पास व्हायचं होतं ते तिच्यासाठी. हे सगळं मला आत्ता लख्ख आठवतंय, आत्ता, या क्षणी.

२

दुसऱ्या वेळी मी मुकाट्याने किल्ली मागितली. माझ्याआधी खोली लंबूकडे होती. लंबू म्हणजे आमच्यातला सगळ्यात उंच आणि एके काळी सगळ्यात बडबड्या मुलगा. तो नुकताच पास झाला होता, तोंडभरून कौतुक झालं होतं त्याचं. किल्ली देताना मात्र त्याचा चेहरा असा होता की जणू दुसऱ्याच कुणाची वस्तू परत करतोय.

त्याने निळा सदरा घातला होता. इतका बेतशीर शिवलेला की त्याचे ते लांबलचक हातसुद्धा शोभून दिसत होते. मी सहज विचारलं, कुणी शिवला? त्याने बाही चिमटीत धरून पाहिली. म्हणाला, "कुणीतरी पाठवतं. घरून येतात."

घरून म्हणजे कोण, हे विचारणार होते, पण तो निघून गेला होता.

मी शिकवायला लागले. सुरुवातीला लाज वाटायची. रिकाम्या खुर्चीला "समजलं का?" म्हणायचं म्हणजे काय! मग तोंड सुटलं. झाडात पाणी वर कसं चढतं, हा माझा आवडता विषय. पानांतून पाणी उडून जातं, ते खालच्या पाण्याला ओढतं, थेंबाला थेंब धरून असतो, आणि मुळापासून शेंड्यापर्यंत पाण्याची एक अखंड दोरी ताणलेली असते. मध्ये हवेचा एक बुडबुडा शिरला की दोरी तुटते आणि वरची फांदी वाळते. इतकं सुंदर मी कधीच कुणाला समजावलं नव्हतं. जेवायलाही मी गुणगुणत गेले.

जेवताना शेजारी पहिल्या वर्षाची एक मुलगी होती. तिने नेमकं तेच विचारलं. मी तोंड उघडलं. काहीच आलं नाही. विसरल्यावर निदान काहीतरी जिभेच्या टोकावर असतं, तसंही नाही. तिथे कधी काही होतं याचीसुद्धा खूण नव्हती. मी तिच्या ताटाकडे बघत राहिले आणि म्हटलं, नंतर सांगते.

३

ताण, मी स्वतःला म्हटलं. झोप नाही, जेवण धड नाही, असं होणारच. पुस्तक काढून तो विषय पुन्हा वाचला. अक्षरं कळत होती, पण ती आत जाईनात. ओल्या भिंतीवर कागद चिकटवावा तशी घसरत होती.

तिसऱ्या मजल्यावर सकाळी कुणी नसतं. नळातून हवा गेल्यासारखा एक आवाज येतो, बाकी शांतता. एके दिवशी कुलूप काढलं, दार ढकललं, आणि खुर्चीची गादी हळूहळू वर येत होती.

तुम्हीही पाहिलं असेल. रेक्झिनच्या जुन्या गादीवरून कुणी उठलं की ती सावकाश फुगते, बारीक सुस्कारा टाकते. तसंच. उसवलेल्या कोपऱ्यातून तो सुस्कारा मला स्पष्ट ऐकू आला. मग गादी सपाट झाली आणि खोली नेहमीसारखी दिसायला लागली.

किल्ली एकच होती, माझ्या हातात. खिडकी नाही. मी टेबलाखाली वाकून पाहिलं, अगदी लहान मुलीसारखी. नंतर स्वतःवरच चिडले. जुना स्पंज आहे, रात्रीच्या गारव्यात आकसत असेल, दार उघडल्यावर हवेने फुगला असेल. वनस्पतिशास्त्र शिकलेल्या बाईने असं घाबरायचं म्हणजे कपाळाला हात लावायची वेळ. मी खडू उचलला आणि प्रकाशसंश्लेषण शिकवायला घेतलं.

शिकवता शिकवता नजर गादीवर गेली. ती खचत होती. मी बोलत होते तोवर खचत होती, थांबले की थांबत होती.

४

मी प्रयोग केला. दुसरं काय करणार, तेवढंच शिकवलंय आम्हाला. एक विषय भिंतीला शिकवला, तो राहिला. एक नळाला शिकवला, राहिला. एक नुसता मनात घोळवला, राहिला. मग त्यांतला पहिला खुर्चीला शिकवला. संध्याकाळपर्यंत तो गेला होता, मुळासकट.

भिंगांकडे गेले. त्यांच्या खोलीत पुस्तकं छतापर्यंत होती, पण एकही उघडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मी सगळं सांगितलं, गादीसकट. वाटलं, आता वेडी ठरवून सुट्टीवर पाठवतील. पाठवलं असतं तर बरं झालं असतं.

ते हसलेसुद्धा नाहीत. म्हणाले, तयारी जोरात चालली की सगळ्यांना असंच वाटतं, मलाही वाटलं होतं. मी म्हटलं, सर, वाटणं वेगळं, मला खरोखर काही आठवत नाही.

"परीक्षेच्या दिवशी बसलीस की सगळं येईल," ते म्हणाले. "पण मध्ये सोडू नकोस. अर्धवट सोडलेला एकही पास झालेला मी पाहिला नाही."

मी विचारलं, आणि परीक्षेनंतर?

त्यांनी चष्मा काढून पुसला. चष्म्याविना त्यांचे डोळे फार लहान, फार थकलेले दिसले. पास झाल्यावर कोण विचारतं, असं काहीतरी ते पुटपुटले. मग मला दार लावून जायला सांगितलं.

तेव्हा निघून यायला हवं होतं, हे आता कुणीही सांगेल. पण एकच संधी उरली होती आणि अर्धा अभ्यासक्रम आधीच खुर्चीत गेला होता. सोडलं असतं तर ना डोक्यात काही, ना हातात काही. घरी जाऊन आईला काय तोंड दाखवणार होते? दात ओठ खाऊन मी उरलेलं सगळं शिकवलं. रोज एक विषय जायचा आणि रोज डोकं हलकं व्हायचं. शेवटी शेवटी मी फळ्यावर काढलेल्या आकृतीकडे बघून विचार करायचे, हे पान आहे की मासा.

५

अभ्यासक्रम संपला. परीक्षेला थोडेच दिवस उरले होते. किल्ली परत द्यायची नव्हती, म्हणून खोलीत जाऊन बसायचे, जमिनीवर, खुर्चीसमोर. शिकवायला काही उरलं नव्हतं.

गादी अजून पुरती खचली नव्हती.

एकटेपणाबद्दल मी फार बोलत नाही, लोकांना ते रडगाणं वाटतं. पण त्या काळात माझं बोलणं ऐकणारं त्या इमारतीत दुसरं कुणी नव्हतं, हे खरं. भिंग दारातूनच हात हलवून वाटेला लावायचे. बरोबरीचे आपापल्या परीक्षांच्या खड्ड्यात. ही एक खुर्ची तेवढी मन लावून ऐकायची. एका दुपारी मी तिला म्हटलं, आता काय सांगू तुला? आणि आईबद्दल सांगायला लागले. थट्टेत सुरुवात केली होती. मग थांबताच येईना. तिचे हात, तिचा वास, ती रागावली की कशी गप्प व्हायची, मला शाळेत सोडून वळताना कशी मागे बघायची नाही. रडून रडून नाक लाल झालं. फार बरं वाटलं.

गादी पार तळाला गेली होती.

संध्याकाळी फोन वाजला. कुणीतरी बाई होती. घसा बसलेला, बोलणं प्रेमळ. अभ्यास कसा चाललाय, दुखतंखुपतं नाही ना, असं विचारत होती. मी म्हटलं, आपल्याला कोण हवंय? ती हसली, तिला वाटलं मी चेष्टा करतेय. मी फोन कानापासून काढून पाहिला. पडद्यावर 'आई' लिहिलेलं होतं.

मी परत कानाला लावला आणि म्हटलं, हो हो, ठीक आहे सगळं. परक्या माणसाशी बोलतात तितक्या अदबीने बोलले. एकच आशा होती, भिंग म्हणाले ती. बसलीस की सगळं येईल.

६

खुर्ची दिसते त्यापेक्षा जड होती. मी ती जिन्यावरून उतरवत होते तेव्हा मुलं दारांत उभी राहून टाळ्या वाजवत होती. रीतच आहे तशी. लंबूही होता. तो टाळ्या वाजवत नव्हता, खुर्चीकडे बघत होता, उपाशी माणूस दुसऱ्याच्या ताटाकडे बघतो तसा.

हॉलमध्ये चौघांसमोर खुर्ची ठेवली आणि बसले.

आलं. सगळं आलं. पाण्याची दोरी, पानांची रंध्रं, मुळं, बिया, सगळं एकदम, लखलखीत. त्यांनी विचारायचा अवकाश, माझं उत्तर तयार. मी शिकवलं नव्हतं तेही येत होतं. माझ्या तोंडी कधी नव्हते असे शब्द, जुन्या पुस्तकांतले, कुणा कुणाच्या लकबीचे. आणि शास्त्राच्या मधूनमधून दुसरंच काही. कुणाच्या तरी वडिलांचा खोकला. एका घराच्या मागची विहीर. भाजलेल्या पावाचा वास. शिवणाच्या मशीनची खडखड.

आई, मी म्हटलं, मनात. मिळाली.

एका प्रश्नाला मी लांबलचक उत्तर देत होते. समोर भिंगांचे ओठ हलत होते. ते माझ्याबरोबर बोलत होते, शब्दाला शब्द, आवाज न करता. काही ठिकाणी माझ्या जरा आधी. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं. मला तेव्हा कळलं ते उत्तर कुणाचं होतं. उत्तर संपलं तसे भिंग आपल्या जागेवर पुढे सरकले आणि म्हणाले, "पुन्हा सांगशील का?" बाकीच्या तिघांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

एकमताने पास. अभिनंदन करायला सगळे उठले, म्हणून मीही उठले.

जिन्यात एक पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि ती नसावी, तसं झालं. मागे गादीने सुस्कारा टाकला. चार अनोळखी माणसं माझा हात हातात घेऊन कशाबद्दल तरी कौतुक करत होती.

७

पुढे विभागातच नोकरी लागली. स्लाइड वाचून दाखवते. कुणाच्या लक्षात येत नाही, कारण इथे सगळेच वाचून दाखवतात. मी मागून घेतली ती एकच गोष्ट, तयारीच्या खोलीची जबाबदारी. दोन परीक्षांच्या मधल्या दिवसांत खुर्ची माझ्याकडे असते. मी दार लावून घेते आणि बसते. हेही बसूनच लिहितेय, नाहीतर कुठून लिहिणार?

पास झाल्यापासून घरी गेले नाही. फोनवर कामाचं निमित्त सांगायचे. शेवटी आईच कंटाळली आणि म्हणाली, मीच येते. बरंच झालं. उद्या खोली नव्या मुलीला द्यायचीय. म्हटलं, आजच ये. खोलीचा रस्ता समजावून सांगितला, आणि ती यायच्या आधी बसून राहिले, म्हणजे ती दारात येताच मला ती हवी तशी मिळेल. इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता.

दार वाजलं. ठेंगणी, पांढऱ्या केसांची बाई आत आली. पिशवी खाली ठेवली, माझ्याकडे बघून तिचा चेहरा फुलला. मला चेहरा ओळखीचा वाटला नाही, पण त्याचं काय एवढं, मशीनची खडखड कानात होतीच.

"आई," मी म्हटलं, "मशीन नीट चालतंय ना गं तुझं?"

"कुठलं मशीन?"

"शिवणाचं."

ती हसली, मग तिचं हसू मावळलं. "मला सुईसुद्धा धड ओवता येत नाही. मी पोस्टात होते ना गं. काय झालंय तुला?"

मी आत शोधलं. खुर्चीवर घट्ट बसून शोधलं. पाव भाजणारी एक होती. मारणारी एक होती. एक नुसती दवाखान्यातल्या पलंगावरची होती. शिवणारी तर होतीच, तिच्या हातात निळं कापड होतं आणि ती कुणाच्या तरी लांबलचक हातांचं माप घेत होती. पोस्टातली सापडली नाही. वर मी मशीन मशीन लिहिलंय ते खोडत नाही. माझ्याजवळ तेवढंच होतं.

ती फळ्यापाशी उभी होती. नेमकी तिथेच, जिथे आम्ही सगळे उभे राहतो. घाबरली होती, पण आई होती, मलाच धीर द्यायला लागली. म्हणाली, "थांब. मी सांगते तुला सगळं. अगदी पहिल्यापासून सांगते, मग आठवेल."

मला माहीत होतं. त्या खोलीत, त्या जागी, या खुर्चीला काही सांगितलं की काय होतं हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? तोंडातून 'नको' एवढा शब्द काढायचा होता. मी म्हटलं, "सांग."

तिने सांगितलं. शिक्क्याच्या शाईने तिची बोटं कायम जांभळी असायची आणि मी हट्ट करून गालावर शिक्का मारून घ्यायचे. ताप आला की ती मला खांद्यावर टाकून पोस्टात न्यायची, पार्सलांच्या ढिगाशेजारी निजवायची. बाप गेला त्या दिवशी तिने दिवसभर काम केलं आणि घरी येऊन मला गोष्ट सांगितली. एकदा मी विचारलं होतं, झाडं पाणी पितात तर त्यांचं तोंड कुठे असतं. तिला उत्तर आलं नव्हतं, म्हणून तिने मला शिकवायचं ठरवलं होतं.

प्रत्येक गोष्ट आत उतरत होती आणि जागेवर बसत होती. माझी होती ती. शाईचा वास आला मला. आणि गादी माझ्यासकट हळूहळू खाली जात होती. मी खुर्चीचे हात घट्ट धरून ठेवले आणि ऐकत राहिले. थांबवावंसं वाटलं नाही, हेच खरं.

ती अडखळायला लागली. "तू" म्हणता म्हणता "ती पोरगी" म्हणायला लागली. मग "माझी एक मुलगी आहे" म्हणाली. मग वाक्याच्या मध्येच थांबली. फळ्याकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. पदर नीट केला.

"माफ करा हं बाई," ती म्हणाली. "माझी मुलगी इथेच कुठेतरी शिकते. तुम्ही ओळखता का तिला?"

"हो," मी म्हटलं. "चांगली ओळखते. बाहेर बाकावर बसा, येईलच ती."

ती अजून बाहेर बसलीय. दाराच्या काचेतून दिसते. जिन्यात पाऊल वाजलं की उठून बघते आणि परत बसते. तिच्या बोटांवर अजूनही जांभळट डाग आहेत, ते मला इथून ओळखू येतात. जाऊन तिचे हात धरावेत असं फार वाटतंय. पण उठले की मीही तिला ओळखणार नाही, म्हणून बसून आहे.